टिकाऊ

सेतुबालच्या मागच्या गल्लीत झुल्मिराचं सलून.
मंगळवारी तपासनीस आला, चष्मा कपाळावर सारून
एकेक बाटली उलटी करत, मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत.
नाव इतकं लांबलचक
की मधेच श्वास घ्यावा लागला त्याला.
"हे बंद झालंय, बाई. केव्हाच."

सतरा बाटल्या. पिशवी. पावती.

तिनं बोटं काउंटरखाली घेतली.
पेरांवरच्या भेगा
आजवर थंडीच्या नावावर खपवलेल्या.
आई सार्डिनच्या कारखान्यात होती;
टिकवायचं म्हणजे मीठ, नाहीतर तेल,
एवढंच तिला ठाऊक.
मीठ निदान झोंबून सांगायचं.

"घरी काही?"
"नाही," म्हणाली.

घरी बाथरूमच्या फळीवर ओदेतची डबी.
चार वर्षं झाली बहिणीला जाऊन.
झाकण काढलं की क्रीम तसंच, पांढरंशुभ्र,
ना बुरशी, ना आंबूस वास,
आणि मधोमध
तिनं शेवटचं बोट फिरवलं तिथला खळगा,
कड अजून न ढळलेली.

झुल्मिरा हात लावत नाही.
खाजणारा अंगठा
दुसऱ्या मुठीत दाबून
बघत राहते नुसती.

मग झाकण. घट्ट.