नववी फेरी

युद्ध संपलं, बॉम्बर विमानं गेली,
लिंकनशरच्या सपाट रानात मागे राहिली ती
काँक्रीटची धावपट्टी. भेगांतून गवत, गवतात ससे.
आम्ही पेंढ्याचे गठ्ठे रचून वळणं केली,
डांबराच्या रिकाम्या पिंपांना चुना फासला
आणि रेस लावली.

लोक यायचे ते शर्यतीच्याच गाडीत बसून.
बायको शेजारी, तिच्या मांडीवर अंड्याचे सँडविच,
पायाशी जादा प्लग आणि पाने.
आल्यावर पुढची काच उतरवायची,
दिव्यांवर चिकटपट्टीची फुली मारायची,
दारावर बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं आकडा काढायचा.
संध्याकाळी आकडा पुसून, काच बसवून घरी.
सोमवारी कामावर जायचं असे त्याच गाडीतून.

सेड्रिक ऑडलिंग खाटीक होता, हॉर्नकासलचा.
त्याच्या नखांत चरबी की ग्रीस, सांगता येत नसे.
हिरवी रायली, चौतीस सालची,
बॉनेटला मेलेल्या घोड्याच्या खोगिराचा पट्टा.
आणि तो वास, जळत्या एरंडेलाचा!
लहानपणी आम्हाला नाक दाबून पाजायचे तेच एरंडेल,
पण इंजिनात जळलेल्या एरंडेलासाठी
मी रविवारचं चर्च बुडवत आले.

माझं काम सोपं. दोन स्टॉपवॉच, एक फळी, एक पेन्सिल.
गाडी समोरून गेली की तिच्या ओळीत एक काडी.
कुणी पुढे गेलं, कुणी मागे पडलं,
कुणी बीटच्या शेतात उलटं होऊन शिव्या देत बाहेर आलं,
माझ्या कागदावर सगळ्यांच्या काड्याच.

सत्तावन्नचा सप्टेंबर. समुद्राकडून धुकं चालून आलं.
नवव्या फेरीला आकडे दिसेनात,
पॉलिश ओघळून दारांवर नुसते पांढरे अश्रू.
काहीतरी हिरवं सरकलं.
आणि आवाज, तोच, खर्जातला,
गिअर बदलताना जरासा अडखळणारा.
मी काडी मारली.
ऑडलिंग, तिसरा.

तिसऱ्याला कथलाचा मग आणि तेलाचा डबा.
तो मग घ्यायला आला तेव्हा डावा बूट फटफट वाजत होता,
नाडी नव्हती.
म्हणाला, "थँक यू, मिस पेनिफोल्ड."
एरवी आयव्ही म्हणायचा.

दोन वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात
पलीकडच्या वळणावरचा झेंडेवाला हसत सांगत होता,
धुक्यात ऑडलिंग चांगली चार मिनिटं उभा होता म्हणे,
अ‍ॅक्सिलरेटरची तुटलेली तार
बुटाच्या नाडीनं बांधत.
मी केक खात राहिले.
त्याच्या गॅरेजात तो मग पाहिला होता मी,
टर्पेंटाइन भरलेला, त्यात रंगाचे ब्रश.
बाकीचे कप वरच्या फळीवर, पुसून चकचकीत.

आम्ही त्यावर कधीच बोललो नाही.
चोवीस वर्षं बोलायला मिळाली होती.

आता रायली लिलावात गेली. जी किंमत आली
तीत सेड्रिकनं अख्खी गल्ली विकत घेतली असती, दुकानांसकट.
गाडीबरोबर एक फाइल, फाइलीत माझा कागद,
प्लास्टिकच्या पिशवीत, एखाद्या संताच्या हाडासारखा.
नवा मालक रोरी, पोरगेला, नखं स्वच्छ.
"मॅडम, हा तिसरा क्रमांक तुमच्याच हातचा ना?
इथे खाली सही कराल?"

मी म्हटलं, आधी चालू करून दाखव.

त्यानं चालू केली. ग्लासहाउसच्या काचा थरथरल्या,
तो वास आला, माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या नाकातून
थेट गुडघ्यांत उतरला.
मी डोळे मिटून ऐकलं, खूप वेळ.
"ओळखलात ना आवाज?" तो ओरडून विचारत होता.

नाही रे बाबा, म्हटलं.
तेव्हाही नव्हता ओळखला.

इंजिनच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसावं.
त्यानं अंगठा वर केला
आणि पेन पुढे धरलं.
मी पेन्सिल मागितली.