हेतू, पाचशे शब्दांत

डंडीत नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
दुकानाचं शटर ओढून मी मागच्या खोलीत बसते.
समोर लॅपटॉप, शेजारी ट्रेमध्ये दिवसभराची श्रवणयंत्रं,
मळ काढायचा बारका ब्रश,
तपकिरी टिकली लावलेल्या बॅटऱ्या.
अर्जात एकच मोठी चौकट रिकामी राहिली आहे:
श्रवणशास्त्र तुम्हाला का शिकायचं आहे?
पाचशे शब्द. जास्त चालणार नाहीत.

लायब्ररीत फियोना अर्ज तपासून देते, फुकट.
म्हणाली, लहानपणापासून आवड वगैरे नको,
ते सगळेच लिहितात.
प्रसंगानं सुरुवात कर.
घरचं काही आहे का तुझ्याकडे?

आहे ना.

लिहिलं: माझे वडील बहिरे आहेत.
इंग्रजीत चारच शब्द होतात.
फियोनाचा चेहरा उजळला,
आणि मला त्या थंडीत घाम फुटला.
आमच्या घरात हा शब्द कोणी काढला नव्हता.
अण्णा इचलकरंजीत जॉबर, चोवीस यंत्रमागांवर.
'जरा मोठ्यानं बोल' एवढंच म्हणायचे,
चूक आमचीच असल्यासारखं.
अख्खी गल्लीच मोठ्यानं बोलायची,
भांडण आणि विचारपूस एकाच पट्टीत.
रात्री लाइट गेली, माग थांबले,
की तान्ही पोरं दचकून उठायची
त्या शांततेनं.

फियोना म्हणाली, सुंदर,
पण यात तू कुठे आहेस?

'कानोसा'ला इंग्रजी शोधण्यात एक संध्याकाळ गेली.
'कानाडोळा' तर सोडूनच दिला.
कान ऐकत नाही आणि डोळाही त्याला सामील,
हे समजावण्यातच दोनशे शब्द संपतील.
मालकांनी वीस वर्षं काय केलं
ते सांगायला मात्र तेवढा एकच पुरला असता.

मंगळवारी मिसेस रॅटरी येतात.
यंत्र बिघडलेलं नसतं, तरी मी उघडून फुंकर मारते.
वय ब्याऐंशी. पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागल्या.
बोलताना ओठ मोठे मोठे हलवतात,
आमच्या कांड्या भरणाऱ्या बायका
खात्यात एकमेकींशी बोलायच्या, तसे.
पहिल्या दिवशी त्यांचं स्कॉटिश इंग्रजी
माझ्या कानांना काही लागेना.
मग कान सोडून ओठ बघितले,
आणि सगळं कळलं, सुनेच्या तक्रारीसकट.
हेही लिहिलं. मग खोडलं.
त्यांना विचारलं नव्हतं.

अण्णांना तरी विचारावं म्हणून रविवारी फोन लावला.
'अण्णा, अर्जात लिहू का तुमच्याबद्दल?'
'आँ?'
'लिहू का? लिहू?'
मागे टीव्ही, त्यावर कुकरची शिट्टी.
'येऊ का? अगं ये की! इचारतीस काय?'

मी दुरुस्त केलं नाही.
मोठ्यानं बोलून सांगता आलं असतं.
ती सवय इथं आल्यावर मोडली,
की मीच मोडली, कोण जाणे.
'तिकडं थंडी लई हाय म्हणं.'
हो, म्हटलं.
'काय?'
हो.

शेवटच्या रात्री पहिलं वाक्य काढून टाकलं.
लिहिलं, की मी फार गोंगाटाच्या गावात वाढले,
आता तशाच एका, गप्प झालेल्या गावात काम करते,
आणि बॅटरी बदलण्याच्या पुढचं मला यायला हवं आहे.
पुढे मार्क, अनुभव, नेहमीचं.
चारशे सत्तावीस.
फियोना म्हणाली, अजून जागा होती.
होती.
पाठवलं.

गुरुवारी आईचा मेसेज:
तू येणार म्हणून हे गल्लीभर सांगत सुटलेत.
तुझी गादी पिंजायला टाकली आज.
खरं काय गं?