कागदालाही उभा-आडवा असतो

माग विकला त्या वर्षी
आबांच्या उजव्या हाताची तीन बोटं
मागासारखीच गप्प झाली.
सिव्हिलमधल्या मॅडम म्हणाल्या,
रबरी चेंडू दाबा, दिवसाला शंभरदा.
आबांनी चार दिवस दाबला,
पाचव्या दिवशी गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला:
"मी काय लिंबू पिळूलोय?"

वडगावात आता दुपारी इतकं शांत असतं
की कुकरची शिट्टी चार घरं ओलांडून येते.
पूर्वी खटखट थांबली
की झोपलेली माणसं दचकून उठायची.

मग रवळूच्या शाळेतून चिठ्ठी आली:
टाकाऊतून टिकाऊ, सोमवारपर्यंत.
टाकाऊ म्हणून हातात घ्यावं
तर आमच्या घरी प्रत्येक वस्तू
"राहू दे, लागंल" म्हणते.
तरी काढत गेले कपाटावरून:
कुंद्याचा रिकामा बॉक्स, कोपऱ्यात अजून तूप;
मामेबहिणीची लग्नपत्रिका,
एका पानावर मराठी, एका पानावर कन्नड,
दोघांत मिळून एकच गणपती;
गोळ्यांची पाकिटं, बुचं, केरसुणीच्या काड्या,
आणि वाटीभर मैद्याची खळ.

खळ बघितली आणि आबा जवळ सरकले.
सुताला खळ देण्यात हयात गेलेली.
डाव्या हाताचं बोट बुडवून म्हणाले,
"पातळ झालीया. आणि जरा शिजव."

पहिल्या दिवशी बैलगाडी झाली, बैलाशिवाय.
दुसऱ्या दिवशी बैल झाला, तीन पायांचा.
रवळू म्हणाला, बसलाय तो,
चौथा पाय पोटाखाली आहे.

सोमवार उलटला. बैल शाळेत गेला,
कुणा बाईंनी ठेवून घेतला म्हणे.
आबांचं मात्र सुरूच.
रोज वर्तमानपत्र वाचून झालं
की मांडीवर घेऊन फाडतात:
वरून खाली सर्रकन् सरळ,
आडवं मात्र वाकडंतिकडं, हट्टी.
एक दिवस मला हाक मारली,
चेहरा असा, की जणू कुणी जुना जोडीदार भेटला:
"बघ गं, कागदालाही उभा-आडवा असतो.
आपल्या कापडागत."
तेव्हापासून घडी कधी चुकत नाही.
अंगठ्यानं दाबतात, नखानं ओढतात,
मधलं बोट आपोआप मदतीला येतं,
करंगळी अजून रुसलेली.
परवा शर्टाची तीन बटणं लावली त्यांनी.
गळ्याचं राहिलं.
मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता बस चाललीय.
कुंद्याच्या बॉक्सचं अंग, बुचांची चाकं,
काडीचा कणा, पाकिटाच्या चांदीचे दिवे.
जराशी डावीकडं कलते,
रवळू म्हणतो, ड्रायव्हरच्या बाजूला
माणसं कमी भरलीत.

शेजारची शिवलीला उंबऱ्यात उभी.
"एल्लिगे?" तिनं विचारलं. कुठं जाणार?
कपाळावरची पाटी कोरीच होती.
रवळूनं पेन्सिल तोंडात धरून
आबांकडं बघितलं.
निपाणी म्हणावं, गोकाक म्हणावं,
कुठल्या अक्षरांत लिहावं...
आबा चाकाला तेलाचं बोट लावत होते.
"आधी फिरू दे की,
मग विचारू कुठं जायचं ते."
तोवर शिवलीलानं आत येऊन
खिडकीत एक तूरडाळीचा दाणा बसवला.
पहिलं गिऱ्हाईक.

आणि मी सकाळपासून घरभर शोधतेय
लाईट बिल, उद्या शेवटची तारीख.
सापडलं शेवटी: बसच्या टपावर,
खळीनं पक्कं, चारी कडा दुमडलेल्या,
आकडा नेमका आतल्या बाजूला.
आता बस उलटी धरून,
डाळ सांडू न देता,
खिडकीतून एक डोळा घालून वाचतेय:
सहाशे... सहाशे आणि काय गं ते?