उशिरा दिलेला खो

मुदतीचा कायदा उघडून बसलेय, कलमं डोक्यात उतरत नाहीत.
खाली कंपनीची बस रात्रपाळीची माणसं उचलतेय.
आई आतून विचारते, वाचतेयस ना?
वाचतेच आहे.
फक्त जाड पुस्तकाच्या आत दुसरी वही,
सातपूरच्या शाळेत ठेवायचे तशी.

आठवी ब. शेवटच्या पानापासून उलटी लिहिलेली घटना:
अंतराळपथक नऊ प्रेमी मंडळ.
कलम एक, रविवारी साडेनऊला कुणी कुणाला फोन करायचा नाही.
कलम दोन, वैमानिक इरा-सातला नावं ठेवणारीचा डबा खायचा नाही.
कलम तीन नाहीच, बिल्कीस आकडा घालायला विसरली.
सलामी: उजव्या हाताची तीन बोटं डाव्या खांद्यावर.
सभासद अडीच.
मी, निशिगंधा खैरनार,
आणि बिल्कीस, जिच्या घरी केबल नव्हती,
सोमवारी मधल्या सुट्टीत नुसती गोष्ट ऐकून
जी आमच्याहून जास्त रडायची.
यानंतर इतका आटोपशीर कायदा मी वाचलेला नाही.

पाटीवर बसलेल्या आठ आणि पळणारी एक,
अगं, म्हणजे आपणच की पथक नऊ!
हे निशीलाच सुचलं होतं.
पगार सरांनी
(त्यांचा पगार कधी वेळेवर होत नसे,
हा एकच विनोद आम्ही तीन वर्षं पुरवला)
शिट्टी वाजवली की मनात इंजिनं सुरू व्हायची,
गुडघ्यात मुरूम रुतलेला, कानात अवकाश.

गोल्फ क्लबच्या मैदानावर अंतिम सामना.
डिसेंबर. स्वेटर अंगातून काढवत नव्हते.
शेवटची बारा सेकंदं.
निशी माझ्या पाठीशी आली.
तळवा पडायच्या आधी, तिच्या तोंडून खो निघायच्या आधी
मी उठले.
शिट्टी. फाऊल. एका गुणाने गेलो.
सरांनी विचारलं, काय झालं?
मी म्हणाले, हिनं उशिरा दिला.

खोटं काहीच नाही बघा या वाक्यात.
मी लवकर उठले, म्हणजे तिचा उशीरच झाला.
माझा पहिला युक्तिवाद.
सरांनी तो मान्य केला.

सोमवारी मंडळाचा ठराव: पथकाशी गद्दारी, कलम सात.
कलम त्याच तासाला लिहिलं, मागच्या तारखेपासून लागू केलं.
निशीला बोलावलं नाही.
(नैसर्गिक न्याय आम्हाला पुढे आला, दुसऱ्या वर्षाला, चौदा गुणांसाठी.)
बिल्कीस तटस्थ राहिली,
मग डबा न उघडता घंटा होईपर्यंत नळापाशी उभी.
त्या रविवारी इरा-सात तिचं नेहमीचं बोलली,
नऊतली एकही मागे राहणार नाही.
मी टीव्हीचा आवाज कमी केला.

काल इंटर्नशिपचा पहिला दिवस. सीबीएससमोर, जिल्हा न्यायालय.
उसना कोट, बाह्या बोटांपर्यंत.
कॉरिडॉरमध्ये एक महिला पोलीस,
आरोपी बाईचं मनगट धरून, छातीवर पट्टी: नि. खैरनार.
खेळाडूंच्या जागेतून लागली असणार.
पळायची तशीच चालते अजून, टाचा न टेकवता.

मुदत तीन वर्षांची. नऊ झाली.
विलंबमाफीचा अर्ज करता येतो,
पण एकेका दिवसाचं कारण द्यावं लागतं.
तीन हजारांवर दिवस.
रात्रभर शोधतेय, एकाचंही सापडत नाही.

तिने बाईला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली,
आणि उजवा हात डाव्या खांद्याकडे नेला.
पट्टा सारखा केला असेल.
बोटं किती होती, मी मोजली नाहीत.
साक्षीदार म्हणून मी तेव्हाही निकामी होते.

बाक एकच, लांबलचक, दोन्ही बाजूंनी बसायचा.
मी पलीकडून बसले, तिच्याकडे पाठ करून.
आत पुकारा झाला, ती उठल्याचं मागे जाणवलं.
मी हलले नाही.
पाठ ताठ ठेवली,
कान मागे.