सदृश

दापोलीच्या लॅबने लिहिलं: काही आढळलं नाही.
चिपळूणच्या लॅबने: सिस्टसदृश आकार, क्वचित.
तिसरा रिपोर्ट, ज्याला सगळ्यांत जास्त पैसे पडले,
एका जंतूचं लांबलचक नाव छापतो
आणि पुढच्याच रकान्यात म्हणतो:
महत्त्व अनिश्चित.

दोन वर्षं झाली.
हर्णैच्या बंदरात लिलाव ऐन रंगात
आणि मी बर्फाच्या फॅक्टरीमागे
आडोसा शोधत.
सोलकढी बंद, दूध बंद,
सुरमई दुसऱ्यांच्या ताटात.
मला पेज. पाणी उकळलेलं, गाळलेलं,
तरी पहाटेपर्यंत चारदा उठायचं ते उठायचंच.

लॅबवाली रुबिना मुकादम
डबी घेताना नाक मुरडत नाही.
एकदा तिने मलाच सूक्ष्मदर्शकात बघू दिलं.
पिवळसर पाणी. त्यात गोल गोल कायकाय.
"हा बुडबुडा. हा तेलाचा थेंब.
हे तुमच्या कालच्या भाजीतलं.
आणि हे... हे मला सांगता येत नाही."

सतरा वर्षं मी बोटीवर तांडेल.
फिशफाइंडरच्या पडद्यावर ठिपके वाचतो.
बांगडा समजून जाळं टाकलं, गाळ निघाला.
गाळ समजून सोडलं,
तर मागून आलेल्या बोटीने तिथेच खण भरले.
त्या पडद्याला मी कधी जाब विचारला नाही.
पण पोटाचं मला हो की नाही हवं होतं,
लेखी, शिक्क्यासकट.

पुतण्या म्हणतो, जालीम गोळी घ्या, मारून टाका सगळं.
भावजय गाऱ्हाणं घालून आली.
डॉक्टर खातूंनी पेनाचं टोपण लावलं:
"असेलही. असून काही करत नसेल.
नाहीतर कारण दुसरंच असेल. शोधू."
शोधू म्हणताना ते माझ्याकडे बघत होते,
कागदाकडे नाही.

डिझेलच्या वहीत आता मागच्या पानापासून लिहितो:
काय खाल्लं. किती वेळा. रक्त नाही.
वजन, मासळीच्या काट्यावर, एकसष्ट.

आज पुन्हा नमुना. पहिली एसटी.
डबी रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी मांडीवर.
शेजारी पाटी घेऊन बसलेली यमुनाकाकी विचारते,
"काय नेतोस रे एवढं जपून?"
"मासळी."
"कसली?"
"तेच तर कळत नाहीये, काकी."