आवक क्रमांक दोनशे सहा

नवा नियम आला: घरी शिकणाऱ्या पोरांची
दर तिमाहीला तपासणी, हजेरी, वजनसुद्धा.
आम्ही अकरा घरं, त्यातलं एक निपाणीचं.
बैठक माझ्याच सोप्यात; चहा दोनदा उतू गेला.

निवेदन मराठीत दिलं. तसंच परत आलं.
"कन्नडात आणा की," कारकून म्हणाला, रागानं नव्हे.
हलगेकर तिथंच पेटला.
मी गप्प. एका कागदावर
किती भांडणं मावतात?

मग ऋजुता बसली लिहायला.
वडगावात नीलव्वाच्या मागाशेजारी
बसून बसून कन्नड उचललेली पोर.
'आक्षेप'पाशी अडली, तशी पळाली,
खटखटीतच विचारून आली:
"तोच शब्द आहे आई, आक्षेपणे.
शेपूट तेवढं वेगळं."

कारकुनानं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"अक्षर झकास. कुठल्या शाळेची गं?"
अकरा घरं जमिनीकडं बघू लागली.
"चौथ्या ओळीत लिहिलंय," ती म्हणाली.

शिक्का बसला. पुढचं अजून काही कळलं नाही.
भागाकार तिला अजून येत नाही,
हे मी निवेदनात घातलं नाही.
रात्री दिवा मालवला,
तरी तेवढंच दिसत राहिलं.