पेठमार्गे दमण

डब्यांची व्हॅन. मागची सीट काढलेली,
सहा वर्षांची मेथी पत्र्यात मुरलेली.
सातपूरच्या पंपावर पाचशेचं टाकलं,
बिल्किसनं स्टेअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला.

तिचा दीर हसला होता :
बायका, आणि दमणला?
समुद्र बघायला, म्हटलं,
तर आणखीच हसला.

पेठ ओलांडल्यावर इंजिन तापलं.
ते बसतं ड्रायव्हरच्या बुडाखाली,
म्हणून बातमी तिलाच आधी कळली.
बाटलीतलं निम्मं पाणी गाडीला,
उरलेलं आम्हाला,
ठेचा जरा जास्तच झाला होता.

लॉज आठशे म्हणाला. आम्ही मान हलवली
आणि किनाऱ्याशी व्हॅन लावली.
समुद्र नव्हता.
नुसता काळा चिखल, लांब कुठेतरी एक रेघ.
"एवढ्यासाठी दोन दिवसांचे डबे बुडवले,"
ती म्हणाली, आणि चपला काढून
चिखलात चालत गेली, गुडघ्यापर्यंत.

पहाटे चारला मला जाग आली,
कणीक मळायची वेळ.
हात आपोआप परात शोधू लागले.
अंधारात पाणी आलं होतं,
पार चाकांच्या जवळ,
श्वास घेत, सोडत.

बिल्किस झोपेतच पुटपुटली :
झाकण घट्ट लाव गं,
सांडतंय.